ठोक्यांचा हिशेब: हृदयगती आणि हृदयाच्या ऑक्सिजन-खर्चाच्या संशोधनाचा इतिहास

नाडी मोजणे हे वैद्यकातील अतिशय जुने मोजमाप आहे. परंतु नाडीचा आकडा वाढतो तेव्हा हृदयाच्या स्नायूला त्यासाठी किती ऊर्जा खर्च करावी लागते आणि किती ऑक्सिजन वापरावा लागतो, हा प्रश्न नेमकेपणाने विचारला जाण्यास विसावे शतक उजाडावे लागले. प्रौढ माणसाचे हृदय साधारणपणे 300 ग्रॅम वजनाचे, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. तरीही शरीर विश्रांतीच्या अवस्थेत जितका ऑक्सिजन वापरते, त्यातील सुमारे दहावा हिस्सा एकटे हृदय वापरते. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावणाऱ्या या स्नायूला इतर स्नायूंप्रमाणे काम थांबवून विसावा घेता येत नाही आणि ऑक्सिजनची उधारीही फार वेळ चालवता येत नाही. म्हणूनच ठोक्यांची संख्या आणि ऑक्सिजनचा खर्च यांचा संबंध उलगडण्याचा इतिहास हा केवळ प्रयोगशाळांचा इतिहास नाही. हृदयविकार म्हणजे नेमके काय बिघडणे, याविषयीची समज कशी बदलत गेली याचाही तो इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ मोजणीच्या साधनांपासून होतो. सतराव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील पादुआ येथील वैद्य सांतोरिओ सांतोरिओ याने लंबकाच्या दोरीची लांबी कमी-जास्त करून त्याचा झोका नाडीशी जुळवण्याचे एक उपकरण वापरात आणले. दोरीची लांबी हेच नाडीच्या वेगाचे माप ठरे. पुढे 1707 मध्ये इंग्लंडमधील जॉन फ्लॉयर याने एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाच्या साहाय्याने नाडी मोजण्याची पद्धत ग्रंथबद्ध केली. या दोघांच्या मधल्या काळात, 1628 मध्ये, विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हार्वेच्या युक्तिवादात ठोक्यांच्या संख्येला प्रथमच गणिती महत्त्व आले. एका ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्ताचे कमीत कमी प्रमाण गृहीत धरून, त्याला अर्ध्या तासातील हजाराहून अधिक ठोक्यांनी गुणले असता येणारे रक्त इतके भरते की ते अन्नापासून सतत नव्याने तयार होणे शक्य नाही, तेव्हा तेच रक्त फिरून हृदयाकडे परत येत असले पाहिजे, असे त्याने दाखवले. प्रत्येक ठोक्याचे काम आणि ठोक्यांची संख्या यांचा गुणाकार करण्याची ही रीत पुढील तीन शतकांच्या संशोधनाचा पाया ठरली. फरक इतकाच की हार्वेने गुणाकार रक्ताचा केला आणि त्याच्या वारसांना तो ऑक्सिजनचा करावयाचा होता.

त्यासाठी आधी ऑक्सिजनचे स्वरूप कळणे आवश्यक होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आंत्वान लाव्हाझिए याने श्वसन हे मंद ज्वलन आहे आणि त्यात हवेतील ऑक्सिजन खर्ची पडतो, हे सिद्ध केले. 1789 च्या सुमारास त्याने आपला सहकारी आर्मां सेगँ याच्यावर केलेल्या प्रयोगांची चित्रे लाव्हाझिएची पत्नी मारी-आन हिने रेखाटली आहेत. सेगँच्या चेहऱ्यावर मुखवटा घट्ट बसवलेला आहे, त्यातून निघालेली नळी ऑक्सिजन मोजणाऱ्या पात्रांना जोडलेली आहे, परिश्रमाच्या प्रयोगात तो पायाने एक दांडी वारंवार दाबतो आहे, जवळ उभा असलेला सहायक त्याची नाडी पाहतो आहे आणि बाजूच्या मेजाशी बसलेली मारी-आन स्वतः नोंदी लिहून घेते आहे. नाडी आणि ऑक्सिजन यांची एकाच वेळी मोजणी होत असल्याचे हे दृश्य शरीरक्रियाविज्ञानाच्या, म्हणजे जिवंत शरीराच्या कार्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या, इतिहासात फार मोलाचे आहे. उपाशीपोटी आणि स्वस्थ बसलेल्या सेगँला तासाला सुमारे 24 लिटर ऑक्सिजन लागे, तर परिश्रमात हा आकडा 60 लिटरच्या वर जाई. त्याच वेळी, शक्तीची मर्यादा गाठली जात नाही तोवर, उचललेल्या भाराच्या प्रमाणात नाडीही वाढत जाते, असे या प्रयोगांत दिसून आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत 1794 च्या मे महिन्यात लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला आणि हे काम अर्ध्यावर राहिले.

सेगँवरील मोजमापे संपूर्ण शरीराच्या ऑक्सिजनची होती, हृदयाच्या ऑक्सिजनची नव्हती, हे मात्र लक्षात ठेवणे आवश्यक आहे. या दोन गोष्टी सहज एकमेकींत मिसळतात, कारण दोन्ही नाडीबरोबर वाढतात. संपूर्ण शरीराचा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ अडोल्फ फिक याने 1870 मध्ये वुर्ट्सबुर्ग येथे एका साध्या समीकरणात मांडला. शरीर दर मिनिटाला किती ऑक्सिजन घेते हे ठाऊक असेल, आणि रोहिणीतील म्हणजे हृदयाकडून शरीराकडे जाणाऱ्या शुद्ध रक्तात व नीलेतील म्हणजे परत येणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचे प्रमाण किती कमी-जास्त आहे हे मोजले असेल, तर पहिल्या संख्येला दुसऱ्या संख्येने भागून हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते हे काढता येते. त्याचाच दुसरा अर्थ असा की शरीराला मिळणारा ऑक्सिजन हा ठोक्यांची संख्या, एका ठोक्यातील रक्त आणि त्या रक्तातून ऊतींनी काढून घेतलेला ऑक्सिजन या तिघांचा गुणाकार असतो. अमेरिकेतील यँडेल हेंडरसन याने 1914 मध्ये शरीराच्या ऑक्सिजनला नाडीच्या संख्येने भागून दर ठोक्यामागे पोहोचणाऱ्या ऑक्सिजनचे माप वापरात आणले, ते याच सूत्राच्या आधारावर. या समीकरणात हृदय हे पुरवठादार आहे; ते स्वतः किती खाते, याचे उत्तर मिळवण्यासाठी हृदय शरीरापासून वेगळे काढून चालवणे भाग होते.

हे कौशल्य प्रथम लाइपझिग येथील कार्ल लुडविग याच्या प्रयोगशाळेत आत्मसात केले गेले. तेथे 1866 मध्ये इलाय झियोन याने बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून रक्तद्रवाच्या प्रवाहावर धडधडते ठेवले, आणि त्याच प्रयोगशाळेत 1871 मध्ये हेन्री बाउडिच या अमेरिकन विद्यार्थ्याला असे दिसले की थांबलेल्या हृदयाला ठराविक अंतराने उद्दीपन दिले असता पहिल्या काही ठोक्यांचा जोर एकापेक्षा एक चढत जातो. ठोक्यांचा वेग आणि ठोक्यांचा जोर या दोन स्वतंत्र गोष्टी नसून वेग वाढताच जोरही काही अंशी वाढतो, ही या निरीक्षणातून निघालेली सूचना पुढे ऊर्जेच्या हिशेबात महत्त्वाची ठरली. सस्तन प्राण्याचे हृदय अशा रीतीने चालवणे अधिक अवघड होते, कारण त्याच्या स्नायूचे पोषण हृद्‌रोहिण्यांमधून, म्हणजे हृदयाच्या पृष्ठभागावरून स्नायूत शिरणाऱ्या खास वाहिन्यांमधून, होते. बाल्टिमोर येथे हेन्री न्यूवेल मार्टिन याने 1881 मध्ये कुत्र्याचे हृदय वेगळे चालवण्यात यश मिळवले आणि रक्ताचे तापमान वाढवत नेले की ठोक्यांचा वेग वाढतो, हे थोड्याच काळात दाखवले. 1895 मध्ये ऑस्कार लांगेनडोर्फ याने महारोहिणीतून उलट दिशेने द्रव सोडून हृद्‌रोहिण्या भरण्याची सोपी पद्धत रूढ केली, जी आजही प्रयोगशाळांत वापरली जाते.

हृदय वेगळे झाले, तरी त्याच्याकडून खरे काम करवून घेणे आणि त्याच वेळी त्याचा ऑक्सिजन मोजणे हे पाऊल बाकी होते. केंब्रिजमध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट आणि वॉल्टर डिक्सन यांनी 1907 मध्ये सस्तन प्राण्याच्या हृदयातील वायूंच्या देवघेवीवर प्रयोग प्रसिद्ध केले; परंतु या प्रश्नाला निर्णायक वळण मिळाले ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग आणि फ्रँकलिन नोल्टन यांनी 1912 मध्ये सिद्ध केलेल्या हृदय-फुप्फुस मांडणीमुळे. भूल दिलेल्या कुत्र्याच्या छातीतच हृदय व फुप्फुसे जागेवर ठेवून उरलेल्या शरीराचा रक्तप्रवाह बंद केला जाई. महारोहिणीच्या एका शाखेतून निघालेले रक्त काचेच्या रुंद नळीत बसवलेल्या पातळ रबरी नळीतून वाहे. काचेच्या नळीत पंपाने हवा भरून बाहेरून दाब वाढवला की रबरी नळी आकसे आणि हृदयाला अधिक दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागे. तेथून रक्त कोमट पाण्यात ठेवलेल्या वेटोळ्यातून जाऊन एका उंच पात्रात साठे आणि पात्रातून नळीवाटे उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, परत येई. पात्राची उंची आणि नळीचा चिमटा बदलून हृदयाकडे येणारे रक्त वाढवता वा कमी करता येई, तर वेटोळ्याभोवतीचे पाणी गरम वा थंड करून ठोक्यांचा वेग बदलता येई. मेंदूकडून येणाऱ्या चेतातंतूंचा प्रभाव या मांडणीत उरत नसे. दाब, येणारे रक्त आणि वेग या तीन गोष्टी प्रयोगकर्त्याच्या हाती स्वतंत्रपणे आल्या, आणि प्रत्येकीचा ऑक्सिजनशी संबंध वेगळा तपासणे शक्य झाले.

या मांडणीवर चार्ल्स लोव्हाट एव्हन्स आणि मात्सुओका यांनी 1915 मध्ये केलेल्या मोजमापांतून एक महत्त्वाची विषमता उघड झाली. हृदयाचे यांत्रिक काम म्हणजे ढकललेले रक्त गुणिले दाब. त्यामुळे काम दुप्पट करावयाचे तर एक तर रक्त दुप्पट करता येते किंवा दाब दुप्पट करता येतो, आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. प्रत्यक्षात मात्र दाब वाढवल्यावर ऑक्सिजनचा खर्च जितका वाढतो, तितका रक्ताचे प्रमाण वाढवल्यावर वाढत नाही. पुढे 1927 मध्ये स्टार्लिंग आणि मॉरिस विशर यांनी स्थिर वेगाने चालणाऱ्या हृदयाचा ऑक्सिजन-खर्च हा आकुंचनापूर्वी ते किती ताणले गेले आहे यावर अवलंबून असतो, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी जमैकाजवळ जहाजावर स्टार्लिंगचे निधन झाले. त्यांच्या निष्कर्षातील ‘स्थिर वेग’ ही अट विशेष अर्थपूर्ण आहे. वेग बदलला की सर्व आकडे बदलतात, हे या संशोधकांना पक्के ठाऊक होते आणि म्हणूनच इतर घटक तपासताना ते वेग बांधून ठेवत.

या विषमतेचे मर्म एका ठोक्याचे गणित मांडले की स्पष्ट होते. विश्रांतीत डावे निलय, म्हणजे शरीराला रक्त पुरवणारा हृदयाचा खालचा डावा कप्पा, एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त सुमारे 100 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने बाहेर टाकते. हे काम जवळजवळ 1 जूल भरते. फुप्फुसांकडे कमी दाबाने रक्त पाठवणाऱ्या उजव्या निलयाचा वाटा त्यात मिळवला आणि मिनिटाला 70 ठोके धरले, तर संपूर्ण हृदयाचे काम मिनिटाला सुमारे 75 जूल होते. दुसऱ्या बाजूला 300 ग्रॅमचे हृदय विश्रांतीत दर 100 ग्रॅममागे मिनिटाला 8 मिलिलिटर, म्हणजे एकूण सुमारे 24 मिलिलिटर ऑक्सिजन वापरते आणि एक मिलिलिटर ऑक्सिजनमागे पोषकद्रव्यांतून सुमारे 20 जूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे खर्च मिनिटाला 480 जूल. जमा आणि खर्च यांची तुलना केली तर जेमतेम सहावा हिस्सा दृश्य काम म्हणून हाती लागतो. बाकीची ऊर्जा बहुतांशी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते: काही स्नायूच्या भिंतीत ताण निर्माण करून तो टिकवण्यात, काही प्रत्येक ठोक्यानंतर पेशीतील कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घेण्यात, तर काही पेशी नुसती जिवंत ठेवण्यात खर्ची पडते. यांतील पहिले दोन खर्च प्रत्येक ठोक्याला नव्याने करावे लागतात आणि म्हणूनच ठोक्यांची संख्या ही हृदयाच्या हिशेबातील सर्वांत थेट रक्कम ठरते.

प्राण्यांवरील हे ज्ञान माणसापर्यंत पोहोचण्यासाठी हृदयात नळी घालण्याचे धैर्य लागले. जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने 1929 मध्ये स्वतःच्या हाताच्या नीलेतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत नेली. न्यूयॉर्कमधील आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी या युक्तीचे रूपांतर विश्वसनीय तपासणीत केले आणि तिघांना 1956 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रिचर्ड बिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1947 मध्ये हेच कॅथेटर माणसाच्या हृदयाच्या स्वतःच्या नीलेत, म्हणजे हृदयस्नायूतून वापरून झालेले रक्त जेथे गोळा होते त्या वाहिनीत, नेऊन तेथील रक्ताचे नमुने घेतले. त्यातून हृदयस्नायूची एक विलक्षण स्थिती समोर आली. शरीरातील इतर ऊती विश्रांतीत रक्तातील सुमारे पाव भाग ऑक्सिजन काढून घेतात आणि गरज वाढली की उरलेल्यातून अधिक घेतात. हृदयस्नायू मात्र विश्रांतीतच 70 ते 75 टक्के ऑक्सिजन काढून घेतो. हाताशी राखीव असे फारसे काही उरतच नाही. त्यामुळे ठोके वाढून गरज वाढली की ती भागवण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग उरतो, तो म्हणजे हृद्‌रोहिण्यांमधून अधिक रक्त आणणे.

येथे ठोक्यांच्या वेगाची दुसरी बाजू पुढे येते. इटलीतील स्कारामुच्ची याने 1695 मध्येच असा तर्क केला होता की हृदय आकुंचन पावते तेव्हा स्नायूत शिरलेल्या वाहिन्या दाबल्या जातात आणि ते सैल पडते तेव्हाच त्या भरतात. डाव्या निलयाच्या बाबतीत हा तर्क पुढील मोजमापांनी मुख्यतः खरा ठरवला. आकुंचनात त्याच्या भिंतीतील दाब इतका वाढतो की त्या स्नायूला रक्त प्रामुख्याने प्रसरणाच्या, म्हणजे सैल पडण्याच्या, काळात मिळते. आता मिनिटाला 75 ठोके असताना एक चक्र 0.8 सेकंदाचे असते आणि त्यातील सुमारे 0.53 सेकंद प्रसरणाचे असतात. वेग 200 पर्यंत गेला की चक्र 0.3 सेकंदावर येते आणि प्रसरणाला सुमारे 0.14 सेकंद उरतात. संपूर्ण मिनिटाची बेरीज केली तर स्नायूला पोसणारा वेळ सुमारे 40 सेकंदांवरून 28 सेकंदांवर येतो. आकुंचनाचा काळ आखडतो खरा, पण प्रसरणाचा त्याहून कितीतरी अधिक आखडतो. रक्तदाब वाढला तर हृदयाची गरज वाढते. वेग वाढला तर गरज वाढते आणि पुरवठ्याची मुदतही कमी होते. निरोगी वाहिन्या रुंदावून ही तूट सहज भरून काढतात. अरुंद झालेल्या वाहिन्यांना ते जमत नाही.

गरजेच्या बाजूचा हिशेब 1958 मध्ये अधिक काटेकोर झाला. अमेरिकेतील बेथेस्डा येथे स्टॅन्ली सारनॉफ आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदयावर दाब, प्रवाह आणि वेग एकेक करून बदलले आणि एव्हन्सच्या काळातील विषमतेची भक्कम पुष्टी केली. त्यांनी आकुंचनाच्या काळातील दाबाच्या आलेखाखालील क्षेत्रफळाला ठोक्यांच्या संख्येने गुणून ‘ताण-काल निर्देशांक’ बांधला. दाब किती उंच चढला, किती वेळ टिकला आणि मिनिटात किती वेळा चढला, या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येत आणि ऑक्सिजनचा खर्च या निर्देशांकाच्या मागोमाग चाले. पुढील दशकात एडमंड सोनेनब्लिक आणि युजीन ब्राउनवाल्ड यांनी दाखवून दिले की हा निर्देशांकही पुरेसा नाही. अॅड्रेनलिनसारख्या द्रव्याने स्नायूची आकुंचनशक्ती, म्हणजे त्याच ताणातून अधिक जोराने आणि झपाट्याने आकसण्याची क्षमता, वाढवली तर निर्देशांक फारसा न बदलताही ऑक्सिजनचा खर्च वाढतो. अशा रीतीने भिंतीवरील ताण, आकुंचनशक्ती आणि ठोक्यांचा वेग हे हृदयाच्या ऑक्सिजन-खर्चाचे तीन प्रमुख निर्धारक म्हणून पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. बाउडिचने पाहिलेला चढता जोरही येथे आपल्या जागी बसला, कारण वेग वाढला की पेशीत कॅल्शियम अधिक साचते आणि आकुंचनशक्तीही थोडी वाढते.

एका ठोक्याचा खर्च आणि ठोक्यांची संख्या यांना वेगळे करण्याचे काम जपानी शास्त्रज्ञ हिरोयुकी सुगा याने 1970 च्या दशकाच्या अखेरीस पूर्णत्वास नेले. निलयातील दाब आणि आकारमान यांच्या आलेखातून त्याने एका आकुंचनाच्या एकूण यांत्रिक ऊर्जेचे माप काढले, ज्यात बाहेर पडलेले काम आणि भिंतीत साठून विरून गेलेली ऊर्जा या दोन्हींचा समावेश होता. हे माप आणि एका ठोक्याचा ऑक्सिजन यांच्यात सरळ रेषेचा संबंध आढळला आणि तो वेग बदलूनही बहुतांशी टिकून राहिला. मिनिटाचा खर्च म्हणजे ठोक्याचा खर्च गुणिले ठोके, ही रीत त्यामुळे भक्कम झाली. तिला एक मर्यादा मात्र आहे: पेशी जिवंत ठेवण्याचा पायाभूत खर्च ठोक्यांवर अवलंबून नसतो. पोटॅशियमने थांबवलेले हृदय दर 100 ग्रॅममागे मिनिटाला सुमारे 2 मिलिलिटर ऑक्सिजन वापरते, म्हणजे धडधडत्या हृदयाच्या खर्चाच्या साधारण एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश. लंडनमधील डेनिस मेलरोज याने 1955 मध्ये पोटॅशियमयुक्त द्रवाने हृदय थांबवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली, तिचा आधार हाच. ठोके शून्यावर आणले की स्नायूची भूक इतकी कमी होते की शल्यविशारदाला रक्तपुरवठा तोडूनही काम करण्यास अवधी मिळतो. टोरांटो येथील विल्फ्रेड बिगेलो याने त्यापूर्वीच सुचवलेल्या थंडाव्याची जोड मिळाल्यावर हा अवधी आणखी वाढला, आणि आजच्या बहुसंख्य खुल्या हृदयशस्त्रक्रिया याच दोन तत्त्वांवर उभ्या आहेत.

या सर्व ज्ञानाचा सर्वांत दूरगामी परिणाम अंजायना, म्हणजे श्रम करताना छातीत उठणारी आणि थांबल्यावर शमणारी कळ, या विकाराच्या उपचारावर झाला. लंडनच्या विल्यम हेबर्डन याने 1768 मध्ये या विकाराचे केलेले वर्णन आजही अचूक मानले जाते. 1867 मध्ये लॉडर ब्रंटन याने अमाइल नायट्राइट आणि 1879 मध्ये विल्यम मरेल याने नायट्रोग्लिसरीन यांचा उपयोग दाखवला. ही औषधे वाहिन्या रुंदावतात, म्हणून कळ थांबते ती रक्तपुरवठा वाढल्यामुळे, असेच दीर्घकाळ मानले गेले आणि नव्या औषधांचा शोधही त्याच दिशेने चालला. स्कॉटलंडचा जेम्स ब्लॅक याने 1950 च्या दशकात प्रश्नाची दिशा उलटी केली. कठीण झालेल्या वाहिनीतून पुरवठा वाढवण्याचा प्रयत्न करण्याऐवजी हृदयाची मागणीच कमी करावी, असा त्याचा विचार होता. आणि मागणी वाढवणारा सर्वांत ठळक घटक म्हणजे अॅड्रेनलिनच्या प्रभावाने वाढणारे ठोके. रेमंड अलक्विस्ट याने 1948 मध्ये अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांना प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींचे, म्हणजे पेशीवरील स्वीकार-स्थानांचे, अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मांडले होते. हृदयातील बीटा ग्राही अडवून धरणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी 1964 मध्ये जाहीर केले. त्याने श्रमाच्या वेळचे ठोके, आकुंचनशक्ती आणि दाब असे तिन्ही घटक आटोक्यात राहत. 1988 मध्ये ब्लॅकला नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु त्याहून महत्त्वाचे हे की हृदयविकाराकडे मागणी आणि पुरवठा यांच्या समतोलाचा प्रश्न म्हणून पाहण्याची दृष्टी वैद्यकात रुजली.

रुग्णाच्या बाबतीत ही मागणी मोजायची कशी, याचे उत्तर ब्रायन रॉबिन्सन याने 1967 मध्ये दिले. प्रत्येक रुग्णात अंजायनाची कळ ठोक्यांची संख्या आणि आकुंचनाच्या वेळचा रक्तदाब यांचा गुणाकार साधारण एका ठराविक आकड्याला पोहोचला की उठते, मग तो आकडा व्यायामाने गाठला असो वा अन्य कारणाने, असे त्याने दाखवले. विश्रांतीत 70 ठोके आणि 120 चा दाब असेल तर हा गुणाकार 8,400 भरतो. भरपूर श्रमात 150 ठोके आणि 180 चा दाब झाला की तो 27,000 वर जातो, म्हणजे तिपटीहून अधिक. पुढील काळात मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी व्यायाम करणाऱ्या माणसांच्या हृदयातच कॅथेटर ठेवून हा गुणाकार हृदयाच्या प्रत्यक्ष ऑक्सिजन-खर्चाशी निकटचा संबंध राखतो, हे सिद्ध केले. सारनॉफच्या निर्देशांकासाठी निलयात नळी लागे. या मापासाठी मनगट, घड्याळ आणि दाब मोजणारा पट्टा पुरतो. आज मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या रुग्णालयांपर्यंत जी ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट केली जाते, तीत दर टप्प्याला नाडी आणि रक्तदाब यांची नोंद जोडीने घेण्यामागील कारण हेच आहे.

नियमित व्यायामाचा लाभही याच हिशेबातून समजतो. सराव झालेल्या हृदयाचा एका ठोक्यातील रक्ताचा वाटा मोठा असतो, त्यामुळे तेच काम करण्यासाठी त्याला कमी ठोके पुरतात; आणि प्रवाह वाढवणे हे वेग किंवा दाब वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते, हे एव्हन्स आणि सारनॉफ यांच्या प्रयोगांनी दाखवून दिलेच आहे. अंजायनाचा रुग्ण काही महिन्यांच्या चालण्याच्या सरावानंतर तोच जिना कळ न उठता चढू शकतो, कारण त्या जिन्यासाठी लागणारा नाडी-दाबाचा गुणाकार आता त्याच्या मर्यादेच्या खाली राहतो. वाहिनी तितकीच अरुंद असली तरीही. 2005 मध्ये युरोपात मान्यता मिळालेले आयव्हाब्रॅडिन हे औषध तर आकुंचनशक्तीला हात न लावता केवळ ठोक्यांचा वेग कमी करते आणि तेवढ्यानेही अंजायना कमी होते. वेग हा स्वतंत्रपणे मोल असलेला घटक आहे, याचा हा थेट पुरावा होय.

तथापि ठोक्यांचा आकडा एकटा सर्व काही सांगत नाही, हाही या इतिहासाचा तितकाच स्पष्ट निष्कर्ष आहे. सारखीच नाडी असलेल्या दोन माणसांपैकी एकाचा रक्तदाब चढलेला असेल, किंवा एकाचे निलय फुगून त्याच्या भिंतीवरील ताण वाढलेला असेल, तर त्याच 80 ठोक्यांसाठी त्याचे हृदय कितीतरी अधिक ऑक्सिजन जाळत असते. सांतोरिओच्या लंबकाने वेग मोजला, लाव्हाझिएने त्याच्याशेजारी ऑक्सिजन ठेवला, स्टार्लिंगने हृदयाला स्वतःच्या खर्चाचा जाब विचारला आणि ब्लॅकने त्या खर्चात कपात करणे हाच उपचार ठरवला. या प्रत्येक टप्प्यावर नाडीचा आकडा तोच राहिला, पण त्याच्याविषयी विचारावयाचा प्रश्न अधिक नेमका होत गेला. मनगटावरील घड्याळे आता चोवीस तास नाडी मोजू लागली असताना हे भान विशेष आवश्यक आहे: नाडी किती आहे एवढ्यावर न थांबता, ती कोणत्या दाबाविरुद्ध आणि कशा वाहिन्यांच्या भरवशावर चालली आहे, हे विचारले तरच त्या आकड्यातून हृदयाच्या श्रमाचा खरा अंदाज येऊ शकतो.